वरून सारेच सपाट!

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. सप्टेंबरातली रात्र होती. अकराचा सुमार असेल. पुण्यातल्या आमच्या घरात निजानीज झाली होती आणि फोन खणखणला. फोन वैजापूरहून, माझ्या धाकट्या बहिणीचा.

“दादा, स्वयंपाकघरात पाणी शिरलंय. गुडघ्याला लागतंय. धान्याचे डबे पलंगावर ठेवलेत. आता काय करू?”

इतक्या लांबून मी काय सांगणार? ‘विजेचा मेन स्विच बंद करा आणि शेजाऱ्यांच्या माडीवर जाऊन बसा,’ एवढेच सांगितले. पण त्यानंतर रात्रभर माझ्या डोळ्याला डोळा लागला नाही. कारण ती जागा घ्या, असा सल्ला मीच दिला होता. आणि सल्ला देण्यापूर्वी मी ती जागा पाहिलीही होती. फक्त जमिनीवरून नव्हे, आभाळातून!

त्याचे असे झाले. मी पेशाने भूगोलाचा शिक्षक. एकतीस वर्षे फळ्यावर समोच्च रेषा काढल्या. रेषा जवळजवळ आल्या की चढ उभा, लांबलांब गेल्या की उतार मंद, हे किती मुलांकडून घोकून घेतले याची गणती नाही. मेहुणे निवृत्त झाले, तेव्हा गावाबाहेर नव्याने पडलेल्या एका वसाहतीत प्लॉट घेण्याचे त्यांनी ठरवले आणि जागेचा ठावठिकाणा मला फोनवर धाडला. मी ऐटीत उपग्रहाचे चित्र उघडले, मोठे करून पाहिले. परातीत पीठ चाळून ठेवावे तशी ती जमीन दिसत होती. वसाहतीच्या वरच्या टोकाशी बोट नेले, तर समुद्रसपाटीपासूनच्या उंचीचा आकडा खाली उमटला. खालच्या टोकाशी नेले, तर पुन्हा तोच आकडा!

“जागा तळहातासारखी सपाट आहे,” मी सांगितले. “बेलाशक घ्या.”

मेहुणे सावध गृहस्थ. ते म्हणाले, “दादा, एकदा येऊन नजरेखालून घालता का?” त्यावर मी हसून काय म्हणालो ते आज आठवले की मान खाली जाते. मी म्हणालो, “आता यायला कशाला हवं? इथं बसून सगळं दिसतं!”

मेहुण्यांच्या भविष्यनिर्वाह निधीतले बहुतेक पैसे त्या घरात गेले.

‘पाण्याला विचारलं होतं का?’

पूर ओसरल्यावर दोन दिवसांनी मी एस.टी.ने वैजापूर गाठले. भिंतींवर पाण्याची तपकिरी रेघ ठळक उमटली होती. अगदी फूटपट्टीने आखावी तशी. गाद्या अंगणात वाळत होत्या. बहिणीने मला एका शब्दानेही दोष दिला नाही. तिने चहा केला, शेजारच्या घरून आणलेल्या साखरेचा. दोष दिला असता तर मला बरे वाटले असते.

त्याच दिवशी फरशी पाहायला एक वयस्क मिस्त्री आला होता. त्याने घराकडे पाहिलेच नाही. तो रस्त्यावर जाऊन उभा राहिला आणि वरच्या बाजूला टक लावून पाहत राहिला. मग मला म्हणाला, “गुरुजी, हे तर लवण हाय. प्लॉट घेताना पाण्याला विचारलं होतं का?”

मी त्याला उपग्रहाची हकीकत सांगितली. त्याने ती शांतपणे ऐकून घेतली आणि पिशवीतून पाणी भरलेली एक लांबलचक पारदर्शक नळी काढली. बांधकामावरची ती लेव्हलची नळी वाचकांनी पाहिली असेलच. दोन्ही टोकांतले पाणी एकाच पातळीवर राहते, एवढ्या एका सत्यावर ती चालते. एक टोक त्याच्या पोऱ्याने धरले, एक मी. असे टप्प्याटप्प्याने आम्ही वरच्या डांबरी रस्त्यापासून बहिणीच्या दारापर्यंत आलो. अंतर भरले सुमारे सहाशे फूट. आणि उतार भरला सहा फूट!

शंभराला एक. पायाला न कळणारा, डोळ्याला न दिसणारा उतार. पण त्या सहा फुटांत माझ्या बहिणीचे सारे स्वयंपाकघर मावत होते.

घरी परतल्यावर मी पुस्तके काढली आणि स्वतःलाच प्रश्न विचारला: आकाशातल्या डोळ्याला एवढा उतार दिसला कसा नाही? त्या शोधात जे कळले ते मजेदार आहे आणि उपयोगाचेही. आज घराघरांत प्लॉट, फ्लॅट, रो-हाउस घेताना मोबाइलवरचे चित्र पाहिले जाते, म्हणून ते इथे मांडतो.

एका डोळ्याची गोष्ट

एक डोळा झाकून सुईत दोरा ओवून पाहा. चारदा हुकतो. आपल्या दोन डोळ्यांमध्ये जेमतेम अडीच इंचांचे अंतर आहे. पण त्यामुळे प्रत्येक डोळ्याला तीच वस्तू किंचित वेगळी दिसते आणि त्या फरकावरून मेंदू ‘जवळ’ आणि ‘दूर’ ठरवतो. सरळ वरून घेतलेले एकटे छायाचित्र म्हणजे एका डोळ्याने पाहिलेले जग. त्याला लांबी असते, रुंदी असते, उंची नसते. त्यात गच्ची आणि अंगण एकाच कागदावर चिकटलेले असतात.

यावरचा उपाय जुना आहे. इंग्लंडात चार्ल्स व्हीटस्टन याने १८३८ साली दाखवून दिले की, दोन डोळ्यांना दोन निराळी चित्रे दाखवली तर सपाट कागदातून खोली उभी राहते. आपल्यापैकी अनेकांच्या घरी एकेकाळी ‘व्ह्यू-मास्टर’ होता. १९३९ साली अमेरिकेत निघालेले ते खेळणे. चकती घालायची, खटका दाबायचा आणि ताजमहाल समोर उभा! त्यातली करामत हीच.

विमानातून नकाशे करणारेही नेमके हेच करतात. विमान सरळ रेषेत उडते आणि ठरावीक अंतराने छायाचित्रे घेत जाते. प्रत्येक छायाचित्रात आधीच्या छायाचित्रातला साधारण ६० टक्के भाग पुन्हा आलेला असतो. म्हणजे एकाच घराची दोन ठिकाणांहून घेतलेली दोन चित्रे मिळतात. जणू विमानाचा एक डोळा इथे आणि दुसरा पुढे काही शे मीटरांवर! ही जोडी स्टिरिओस्कोप नावाच्या दुभिंगी यंत्राखाली ठेवली की, टेकड्या फुगून वर येतात, नाले खाली खचतात. उंच वस्तू दोन चित्रांत जास्त सरकलेली दिसते, सखल वस्तू कमी. ते सरकणे मोजले की उंची कळते. विमान पुरेसे खालून उडाले असेल, तर वीतभर उंचीचा फरकही त्यातून काढता येतो.

आपल्याकडे ही विद्या शिकवण्याची सोय होण्याला एक निमित्त घडले. पंडित नेहरू १९५७ साली हॉलंडला गेले असता त्यांनी तिथली हवाई सर्वेक्षणाची शिक्षणसंस्था पाहिली. पुढे डच लोकांच्या साहाय्याने १९६६ साली देहरादूनला छायाचित्र-वाचनाची भारतीय संस्था सुरू झाली. छायाचित्र ‘वाचणे’, हा शब्द मला फार आवडला. मी ते नुसते पाहिले होते, वाचले नव्हते.

उपग्रहांनीही मग दोन डोळे मिळवले. ५ मे २००५ रोजी श्रीहरिकोट्याहून सुटलेल्या आपल्या ‘कार्टोसॅट-१’ला दोन कॅमेरे होते. एक २६ अंश पुढे झुकलेला, दुसरा ५ अंश मागे. पुढच्या कॅमेऱ्याने टिपलेली जमीन साधारण ५२ सेकंदांनी मागचा कॅमेरा पुन्हा टिपी. पाऊण मिनिटाहून थोड्या जास्त अंतराने उघडणारे दोन डोळे म्हणा ना!

मग तो आकडा कुठला?

आता वाचक विचारतील, चित्रात उंची नसते, तर तुम्ही बोट नेल्यावर आकडा कुठून उमटला? तो आकडा चित्रातला नव्हेच. तो चित्राखाली अंथरलेल्या उंचीच्या एका वेगळ्याच नकाशातून येतो. जगभरच्या अशा नकाशांतला सर्वांत गाजलेला नकाशा ‘एन्डेव्हर’ या अमेरिकन अंतराळयानाने फेब्रुवारी २००० मध्ये अवघ्या ११ दिवसांत रडारने मोजून केला. कामगिरी अफाट, जगाच्या वस्तीच्या बहुतेक भूभागाची उंची अकरा दिवसांत! डोंगर, दऱ्या, मोठी पाणलोट क्षेत्रे यांच्यासाठी तो नकाशा आजही उपयोगी पडतो.

पण तो गावातल्या गल्लीसाठी नव्हता. त्यात ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद चौकोनाला एकच आकडा आहे. एका चौकोनात चार-सहा प्लॉट, त्यांच्यामधला रस्ता आणि कडेचा ओघळ, सगळे गुंडाळले जाते. शिवाय आकडे पूर्ण मीटरात. फूट-इंचांना तिथे जागा नाही. माझ्या बहिणीच्या वसाहतीत असे सहा-सात चौकोन बसत होते आणि एकापासून पुढच्यापर्यंत उतार होता एक फूट. मीटर म्हणजे सव्वातीन फूट. तराजूत सर्वांत लहान वजन किलोचे असेल, तर त्यावर पावशेर साखर कशी मोजणार? त्यात खुद्द मोजणीतच काही मीटरांची चूक राहू शकते.

याहून मोठी गोम आणखी वेगळी आहे. रडारला आणि बहुतेक आकाशी डोळ्यांना जमीन दिसत नाही. जमिनीवर जे उभे आहे त्याचा माथा दिसतो. शेतात ते पीक असते, राईत झाडांचे शेंडे असतात आणि शहरात गच्च्या. एकमजली घराची गच्ची दहा-बारा फुटांवर असते. म्हणजे मी शोधत होतो त्या उताराच्या दुप्पट. खोलगट जागेत तीन मजले उभे राहिले की नकाशात तिथे टेकडी उगवते! म्हणून शहराचा उतार आकाशातून काढणे हे डोंगराचा चढ काढण्यापेक्षा अवघड काम आहे. घरांच्या मधल्या रस्त्यांची, मैदानांची, अंगणांची उंची तेवढी वेगळी निवडून घ्यावी लागते. हल्ली विमानातून किंवा ड्रोनमधून लेसर किरणांचा मारा करतात, तेव्हा काही किरण पानांच्या फटींतून जमिनीपर्यंत पोहोचून परत येतात. त्यातून खरी जमीन हाती लागते.

सावल्यांचे बोलणे

‘पण मास्तर, एकट्या चित्रात सावल्या तर असतात!’ असे कोणी चतुर वाचक म्हणेल. खरे आहे. सावली हे आकाशी चित्रातले एक उत्तम मापक आहे. डिसेंबरात दुपारी बाराच्या सुमारास वैजापुरात सूर्य क्षितिजापासून साधारण ४७ अंश वर असतो. ४५ अंश धरला, तर सपाट जमिनीवर वस्तूची सावली बरोबर तिच्या उंचीइतकी पडते. वीस फुटी खांबाची सावली वीस फूट. आता जमीन सावलीच्या दिशेने दहाला एक अशी उतरत असेल, तर तीच सावली बावीस फुटांच्या पुढे लांबते. चढत असेल, तर अठरा फुटांवर आखडते. सारख्या उंचीच्या खांबांची रांग असेल तर सावल्यांच्या लांबीवरून रस्ता कुठे चढतो, कुठे उतरतो ते सांगता येते.

मात्र हाच हिशेब शंभराला एक या उताराला लावून पाहा. वीस फुटांची सावली वाढते दोन-अडीच इंचांनी! बाजारात मिळणाऱ्या अत्युत्तम उपग्रह-चित्रातला एक ठिपकाही जमिनीवर फूटभराचा असतो. आणि उन्हाळ्यातले चित्र असेल तर तेवढेही नाही. २० मेच्या आसपास वैजापुरात भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो. सावली पायाखालीच लपते.

सावली आणखी एक खोडी करते. घरात आप्पेपात्र असेल, तर त्याचे छायाचित्र घ्या आणि ते उलटे धरून पाहा. खळग्यांच्या जागी फुगवटे दिसू लागतील! उजेड वरून येतो, अशी आपल्या डोळ्यांची जन्माची सवय आहे. पण नकाशात उत्तर वर असते आणि आपल्या देशात वर्षाचा बराच काळ सूर्य दक्षिणेकडून तळपतो. म्हणजे चित्राच्या खालच्या बाजूने. त्यामुळे कित्येकांना दरीच्या जागी डोंगर दिसतो आणि नदी त्या डोंगराच्या माथ्यावरून वाहताना दिसते. वाघूर नदीचा तो घोड्याच्या नालासारखा वळसा, ज्याच्या कड्यात अजिंठ्याची लेणी आहेत, तो एकदा अशा चित्रात पाहा. क्षणभर दरीची भिंत बाहेर आल्याचा भास होतो. चित्र उलटे धरले, दक्षिण वर केली, की दरी मुकाट्याने खाली बसते.

जे मी वाचले नाही

इतके सगळे कळल्यावर मी पुन्हा त्या वसाहतीचे चित्र उघडले. या वेळी उंची पाहायला नव्हे. मिस्त्रीचा प्रश्न डोक्यात ठेवून पाहिले: इथले पाणी कुठून येते आणि कुठे जाते?

आणि काय सांगू! चित्र बोलू लागले.

वरच्या डांबरी रस्त्याखाली एका जागी नळकांडी पूल होता. बांधकाम खाते हौसेखातर पूल बांधत नाही. जिथे पूल, तिथे पाणी. त्याच्यापासून पुढे वसाहत सुरू होत होती आणि तिथे काहीच नव्हते. पण वसाहत संपताच, पलीकडच्या शेतात, त्याच रेषेत बाभळींची एक वाकडीतिकडी रांग नारंगी नदीच्या बाजूला गेली होती. बाभळी कोणी ओळीने लावत नाही. त्या ओलीच्या मागे जातात. मग मी त्याच जागेची मागल्या वर्षांची चित्रे काढली. संगणकावर ती पाहता येतात. वसाहत पडण्यापूर्वीच्या एका चित्रात, पावसाळ्यानंतरच्या, पुलापासून बाभळींपर्यंत एक काळसर पट्टा स्पष्ट होता. आजूबाजूच्या शेतांचे बांध त्या पट्ट्याशी येऊन वळत होते. ज्याने कोणी ती वसाहत पाडली, त्याने मुरूम टाकून तो ओघळ बुजवला होता. माणूस विसरला, पाणी विसरले नाही.

उंचीच्या आकड्याने मला फसवले, असे मी म्हणत होतो. ते खरे नव्हे. सत्य त्याच चित्रात, बोटभर अंतरावर होते. मी ‘जमीन सपाट आहे ना?’ एवढेच विचारले आणि चित्राने ‘हो’ म्हटले.

पाण्याच्या खुणा वाचायला एकदा शिकले की, मग साऱ्या मुलखाचा उतार एकट्या चित्रातही उलगडतो. वैजापूरजवळच्या नारंगी-सारंगी धरणाचेच पाहा. जलाशयाची एक कड सरळ, ती भिंत. म्हणजे उताराची बाजू. उलट बाजूला पाण्याची बोटे जमिनीत शिरलेली, ती चढाची बाजू. आणि जलाशयाचा काठ म्हणजे निसर्गाने स्वतः आखलेली समोच्च रेषाच! नांदूर-मधमेश्वरचा कालवा वैजापूर-गंगापूरकडे येतो, तोही उताराला जवळजवळ आडवा, किंचित ढाळ राखत. त्यामुळे कालव्याच्या कोणत्या बाजूची शेते भिजतात ते पाहिले की खालची बाजू कळते. दोन ओढे जिथे मिळतात, तिथे होणाऱ्या कोनाचे टोक बहुधा प्रवाहाच्या दिशेने असते. आणि या तालुक्याचा मोठा ढाळ उत्तरेच्या डोंगराळ भागाकडून दक्षिणेला गोदावरीकडे आहे, हे तर नद्याच सांगतात.

ही दृष्टी आपल्या मुलखात नवी नाही. छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की बहुतेकांनी सहलीत पाहिली असेल. सतराव्या शतकाच्या आरंभी मलिक अंबरने त्या शहरासाठी नहर काढली, आणि १७४४च्या सुमारास पाणचक्कीला उत्तरेच्या डोंगराकडून पाणी आणले गेले. जमिनीखालून, खापरी नळांतून, निव्वळ ढाळावर. ना विमान होते, ना उपग्रह. आकाशातून पाहणारा कोणी नव्हता. पण पाण्याची चाल ओळखणारे होते.

शहरे विसरतात तेव्हा

बहिणीचे घर ही एका कुटुंबाची गोष्ट झाली. पण हीच गोष्ट मोठी शहरे मोठ्या किमतीत शिकली आहेत. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मुंबई बुडाली. त्या प्रलयाची चौकशी ज्या समितीने केली, तिचे अध्यक्ष होते जलतज्ज्ञ डॉ. माधवराव चितळे. अशा शहराला आपल्या जमिनीच्या चढउताराचा बारीक नकाशा हवाच, ही निकड त्या वेळी साऱ्यांना पटली. २५ सप्टेंबर २०१९च्या रात्री पुण्यात आंबिल ओढा कोपला. पुणे आणि परिसरात त्या पावसाने वीसहून अधिक माणसे दगावली. ओढा नवा नव्हता. त्याची वाट तेवढी अरुंद झाली होती.

वैजापूर तर पर्जन्यछायेचे गाव. तिथे लोक पावसाची वाट पाहण्यात आयुष्य घालवतात. पाणी घरात येईल अशी भीती कोण बाळगणार? पण कमी पावसाच्या मुलखातही पाऊस कधीकधी एका रात्रीत सारा हिशेब चुकता करतो. २०२५च्या सप्टेंबरात मराठवाड्याने ते पाहिलेच. कोरड्या मुलखातल्या ओघळाची हीच फसवणूक असते. दहा वर्षे तो नसतोच आणि अकराव्या वर्षी दारात उभा राहतो.

आशेची गोष्ट अशी की, गावांची मोजणी आता नव्या साधनांनी होऊ लागली आहे. खेड्यांच्या गावठाणांसाठी ड्रोनची ‘स्वामित्व’ योजना २०२०मध्ये आली. शहरांतल्या जमिनींच्या मोजणीसाठी १८ फेब्रुवारी २०२५ला ‘नक्शा’ हा उपक्रम देशातल्या दीडशेहून अधिक शहरांत सुरू झाला. त्यात हवाई छायाचित्रे आहेत आणि काही ठिकाणी लेसरची मोजणीही. हे उपक्रम मुख्यतः मालकीच्या हद्दींसाठी आहेत. पण त्याच उड्डाणांतून जमिनीचा खरा चढउतारही हाती येऊ शकतो.

भाचीचा प्लॉट

गेल्या वर्षी भाचीचे लग्न ठरले आणि तिनेही वैजापुरातच जागा घ्यायचे मनात आणले. तिने मला चित्र धाडले आणि खाली लिहिले, “मामा, बघून सांगा. पण या वेळी या!”

या वेळी मी गेलो. आधी घरी बसून जुनी चित्रे पाहिली, कोरड्या दिवसांतली आणि पावसानंतरची. रस्त्यांखालचे पूल शोधले आणि त्यांच्या पुढची वाट बोटाने चाचपली. चित्र उलटे धरून पाहिले. मग भाचीला बरोबर घेऊन जागेवर चाललो. कुंपणाच्या तारेला अडकलेला जुना काडीकचरा किती उंचीवर आहे ते पाहिले. पाणी तिथपर्यंत आले होते, याची ती सही असते. विहिरीवरच्या म्हाताऱ्याला विचारले, “बाबा, मोठ्या पावसात पाणी कुठून जातं?” त्याने काठीने दाखवले. शेवटी त्याच मिस्त्रीला बोलावून नळी लावली.

भाचीला आवडलेला पहिला प्लॉट आम्ही सोडला. रस्त्याला लागून होता, भावही बरा होता. पण काठीने दाखवलेली वाट त्याच्या कोपऱ्यावरून जात होती. दुसरा जरा आतला आणि थोडा महाग होता. तो घेतला. “जोतं दोन फूट उचला, आणि वरच्या अंगाला चर ठेवा,” मिस्त्री म्हणाला.

राहिले बहिणीचे घर. ते काही उचलून दुसरीकडे ठेवता येत नव्हते. मी ते जुने चित्र मोठ्या कागदावर छापून घेतले, पुलापासून बाभळींपर्यंतच्या काळसर पट्ट्यावर लाल रेघ ओढली आणि वसाहतीतल्या साऱ्या बिऱ्हाडांना एका संध्याकाळी अंगणात बोलावून दाखवले. प्रथम कोणाला पटेना. ज्यांच्या घरात पाणी आले नव्हते ते तर उठूनच निघाले. तेव्हा मेहुण्यांनी त्यांना भिंतीवरची रेघ दाखवली आणि म्हणाले, “आज माझ्या भिंतीवर आहे.” माणसे थांबली. मग वर्गणी निघाली, अर्जविनंत्या झाल्या आणि दोन उन्हाळ्यांच्या खटपटीनंतर पुलाच्या तोंडापासून खालच्या शेतापर्यंत रस्त्याच्या कडेने पक्का चर झाला. दोन घरांनी आपल्या अंगणाची दीड-दीड फूट जागा त्यासाठी सोडली.

परवाच्या पावसाळ्यात पुन्हा एका रात्री अकराच्या सुमारास फोन वाजला. वैजापूरचे नाव पाहून माझ्या छातीत धस्स झाले.

“दादा,” बहीण म्हणाली, “आवाज ऐक.” तिने फोन खिडकीबाहेर धरला असावा. बराच वेळ नुसता घोंघावणारा पाण्याचा आवाज येत राहिला. मग ती परत बोलू लागली.

“चरातून चाललंय. आम्ही सगळे ओट्यावर उभे राहून बघतोय. तू झोप आता.”